कराची–मुंबई : अंतर तेच, वेळ कोणाच्या हाती?

काशीगावाहून मुंबईचा विमानतळ अवघ्या वीसएक किलोमीटरवर आहे; परंतु महामार्गावर वाहनांची दाटी झाली की तेवढ्या वाटेला दीड तासही पुरत नाही. अंतर भूगोल ठरवितो, प्रवासाचा वेळ मात्र माणसांनी उभारलेली व्यवस्था ठरविते. हे सूत्र अर्थशास्त्राच्या वर्गात सांगताना जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे चरित्र हटकून आठवते.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींनी फेब्रुवारी १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळविला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय. पुढच्याच वर्षी, हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्यासाठी आगाखानांनी ठेवलेल्या पारितोषिकाच्या शर्यतीत ते उतरले. इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी खोळंबलेले दिसताच त्यांनी आपल्याजवळचा प्लग त्यांना देऊन टाकला. शर्यत अस्पींनी जिंकली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जेआरडी ‘पुस मॉथ’ या एका इंजिनाच्या विमानातून सकाळी निघाले, अहमदाबादेस इंधन घेऊन दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान निकामी होई, तेव्हा सेवा पुण्याहून चाले. असल्या तुटपुंज्या साधनांतही त्यांनी वक्तशीरपणाचा लौकिक मिळविला. ८ जून १९४८ रोजी त्यांच्या कंपनीचे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले. १९५३ चे राष्ट्रीयीकरण त्यांना मान्य नव्हते. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारून, १९७८ साली सरकारने दूर करीपर्यंत, पंचवीस वर्षे त्यांनी ते निष्ठेने सांभाळले.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९८२ च्या १५ ऑक्टोबरला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडी पुन्हा एका जुन्या ‘लेपर्ड मॉथ’मधून कराचीहून मुंबईस आले. मध्यंतरी फाळणी झाली होती, युद्धे झाली होती. त्या दिवशी आकाश मात्र मोकळे होते. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

आज या दोन शहरांत थेट प्रवासी विमानसेवा नाही. सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटर असलेला, जेट विमानाला जेमतेम दीड तासाचा हा मार्ग दुबईवरून गेल्यास तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा होतो. विमाने पाचपट वेगवान झाली. तथापि आखातातील थांबा जमेस धरता आजचा प्रवासी १९३२ च्या टपालाआधी पोचेलच, अशी हमी देता येत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न खोटा नव्हे. परंतु त्याचे मूल्य कोणीतरी मोजतच असते, आणि दोन्ही शहरांत आप्त असलेल्या वृद्धांना ते आयुष्याच्या उरलेल्या दिवसांत मोजावे लागते. धोरणाचा ताळेबंद मांडताना हा खर्चही लिहिला गेला पाहिजे.