भिंत आणि दार

गडचिरोलीच्या अरण्याला लागून वाहणाऱ्या प्राणहिता व गोदावरी या नद्या ओलांडल्या की तेलंगणाचा मुलूख लागतो. १९५१ साली या मुलखात मोकळेपणाने बोलण्याची कोणाची छाती होत नसे. जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती एकवटली होती आणि राबणारे उपाशी होते. म्हणून १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शस्त्र उचलले होते. गावावर दिवसा पोलिसांचा वचक, तर रात्री बंडखोरांचा. एकाशी बोलावे तर दुसऱ्याचा रोष ओढवे. अशा गावांतून एक कृश, दाढीधारी, पंचावन्न वर्षांचे गृहस्थ पायी हिंडू लागले. त्यांचे नाव विनोबा भावे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. शिक्षण बडोद्यास झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेसच उतरला व काशीस गेला. त्याच वर्षी तो गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला. १९२१ पासून वर्धा व पुढे पवनार ही विनोबांची कर्मभूमी झाली. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली.

ज्याच्याशी बोलायचे त्याच्या भाषेत आधी शिरावे, ही विनोबांची रीत होती. आईला संस्कृत गीता समजत नसे. तिची ती अडचण त्यांच्या मनात घर करून राहिली आणि ती वारल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी गीता मराठीत आणली. तीच 'गीताई' होय. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. तुरुंगवासात त्यांनी दक्षिणेतील चार भाषांचा अभ्यास केला. तो नुसता छंद नव्हता, हे तेलंगणात दिसून आले.

हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनास ते सेवाग्रामहून पायी गेले होते. संमेलन आटोपल्यावर, रामनवमीच्या दिवशी, ते हैदराबादच्या तुरुंगात गेले. तेथे कम्युनिस्ट बंदिवान होते. त्यांचा हिंसेचा मार्ग विनोबांना मुळीच मान्य नव्हता, आणि विनोबांचा मार्ग त्यांना भाबडा वाटणे साहजिक होते. तरीही विनोबा सुमारे दोन तास त्यांच्यापाशी बसले. त्यांना धिक्कारणे सोपे होते. बाहेर पुष्कळ लोक तेच करीत होते. गरिबांविषयीची त्यांची कळकळ खरी आहे, हे विनोबांनी उघडपणे मान्य केले, आणि रक्तपात चुकीचा आहे हेही तितक्याच उघडपणे सांगितले. रात्री बंदुकीच्या धाकाने घेण्याऐवजी दिवसाढवळ्या प्रेमाने मागावे, असे त्यांचे म्हणणे होते.

तीनच दिवसांनी, १८ एप्रिल रोजी, ते पोचमपल्ली गावी पोहोचले. तेथील दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मिळावी अशी विनंती केली. विनोबांनी तो प्रश्न जमलेल्या गावकऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उभे राहून शंभर एकर देऊ केले. भूदानाचा आरंभ असा झाला.

पुढे ते जमीनदारांकडे जात तेही भांडावयास नव्हे. प्रत्येक माणसात दोषांच्या भिंती असतात आणि गुणाचे निदान एक दार तरी असतेच. शहाण्याने भिंतीवर डोके न आपटता ते दार शोधावे, अशी त्यांची समजूत होती. पाच मुलगे असलेल्याला ते आपणास सहावा मुलगा मानण्यास विनवीत व त्याचा वाटा गरिबांसाठी मागत. एक्कावन्न दिवसांत त्यांना १२,२०१ एकर जमीन मिळाली. परतीच्या वाटेवर चांदा जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर, बाबा आमटे यांच्या आनंदवनाचे उद्घाटन त्यांनी केले.

ही पदयात्रा पुढे सुमारे तेरा वर्षे देशभर चालू राहिली. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. परंतु सारेच साधले असे नाही. दानातील पुष्कळशी जमीन नापीक निघाली आणि कित्येक दात्यांनी शब्द पाळला नाही. त्यावर टीका झाली, ती अगदीच निराधार नव्हती. १९७४ साली तर जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनावरून विनोबांच्या निकटच्या सहकाऱ्यांतच फूट पडली. ज्याने त्याने आपल्या बुद्धीला पटेल ते करावे, मात्र सत्य, अहिंसा व संयम सोडू नये, असा सल्ला त्यांनी दिला. त्याने मतभेद मिटले नाहीत. वर्षअखेरीस विनोबांनी वर्षभराचे मौन धरले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला होता. त्या जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. विनोबांनी मांडलेल्या ग्रामदानाच्या कल्पनेनुसार २०१३ साली तेथील जमीनधारकांनी आपली जमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरविले. या गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची पद्धत पाडली. एखाद्याला गोष्ट पटली नाही, तर निर्णय पुढे ढकलावयाचा आणि पुढच्या सभेत त्याचे म्हणणे पुन्हा ऐकावयाचे.