पुरातत्त्वाचार्य डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया

ज्ञातीच्या स्मरणिकेत गुजराती कुटुंबात जन्मलेल्या विद्वानाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ज्या भूमीत आपले पूर्वज नांदले, तिचा लेखी पुराव्याच्याही आधीचा इतिहास ज्यांनी उजेडात आणला, त्यांचे ऋण सर्वच ज्ञातींवर आहे.

डॉ. सांकलिया ह्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, वकिलांच्या घराण्यात झाला. मूल इतके अशक्त होते की ते जगेल अशी आशा नव्हती. पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद पडला आणि प्राचीन भारताच्या शोधास आयुष्य वाहण्याचा निश्चय झाला. संस्कृताचे अध्ययन करून त्यांनी एम. ए. साठी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. पुढे लंडन विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. तेथेच मॉर्टिमर व्हीलर ह्यांच्या उत्खननावर त्यांनी मातीचे थर वाचण्याची शिस्त अंगी बाणविली.

पुण्याचे डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ साली बंद केले होते. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात झगडून ते १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडविले. त्याच वर्षी सांकलिया तेथे प्राध्यापक झाले. ज्यांच्या ग्रंथाने त्यांना वाट दाखविली, ते लोकमान्यही ह्याच कॉलेजचे विद्यार्थी होते, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

आपल्या खेड्यापाड्यांतून जुन्या वस्तीच्या टेकाडास पांढरी म्हणतात. तिची माती शेतकरी गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकीत. तीतील खापरांकडे कोण पाहणार? सांकलिया ह्यांनी पाहिले. १९५०-५१ साली प्रवरेकाठी जोर्वे येथे आणि नाशिकला उत्खनन झाले. जोर्वे येथील तांबड्या भांड्यांवरील काळ्या नक्षीवरून एका संपूर्ण संस्कृतीस त्या लहानशा गावाचे नाव मिळाले. ज्ञानेश्वरीमुळे पावन झालेल्या नेवाशास त्यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही सापडली.

१९६८ पासून शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे खेडे उकलले. शंभरांहून अधिक घरे, चुली, धान्याची कोठारे, पाण्यासाठी काढलेला पाट असा सारा संसार तेथे मिळाला. मृत बालकास दोन रांजणांत तोंडास तोंड लावून घराच्याच जमिनीखाली पुरलेले आढळले. लेकराला घराबाहेर न धाडणारी ती माता आपल्याला परकी वाटत नाही. आरंभीची प्रशस्त चौकोनी घरे जाऊन पुढे लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटल्याचा तो परिणाम असावा, असे अभ्यासक मानतात. अवर्षणाचे दुःख आपल्या भागाला नवे नाही, हे त्या मातीने सांगितले.

ह्या वस्तू डेक्कन कॉलेजात जपून ठेविल्या गेल्या. संग्रहालय म्हणजे शोभेच्या वस्तूंचे कपाट नव्हे. उत्खनन एकदाच होते. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. मात्र जपलेली वस्तू नवे साधन हाती येताच पुन्हा बोलू लागते. इनामगावच्या बालकांच्या दातांवरून त्यांच्या आहाराविषयी व आजारांविषयी पुढे अनुमाने निघाली. ह्याच संस्थेच्या अभ्यासकांनी हरियाणात राखीगढी येथे उत्खनन केले. तेथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या अस्थींतील जनुकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांच्या मुलास ज्या प्रश्नाने झपाटले, त्यावरील वाद संपलेला नाही. पण त्याच्या उत्तराचे एक साधन जपलेल्या अस्थींत सापडले. पुरातत्त्वाचे भविष्य पुष्कळसे अशा जतनातच आहे.

१९७४ साली सांकलिया ह्यांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला.

प्रस्तुत लेखकाने उभी हयात मुलांकडून राजांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या. चूल आणि खापर हाही इतिहासच आहे, हे त्याला फार उशिरा उमगले. ज्ञातिबंधूंनी व भगिनींनी तरी ही चूक करू नये. शेतात विहीर खणताना जुने खापर, हत्यार वा हाड दिसले तर ते फेकू नये, विकू नये, जागचे हलवूही नये, जाणत्यांना कळवावे. जागेपासून तुटलेली वस्तू मुकी होते. एवढे पाळले तरी त्या थोर गुरूचे ऋण अंशतः फिटेल.