टिळकांनी दोनदा सोडलेले घर

कोल्हापूरकरांना यात्रेचे अप्रूप नाही. चैत्री पौर्णिमेला सासनकाठ्या निघाल्या, की वाट जोतिबाच्या डोंगरावर संपणार हे पोरासोरांनाही ठाऊक असते. १८५२ मध्ये वाइल्डरसाहेब इथे मिशन घेऊन आले, त्यांच्या बायबलमधली अब्राहामाची यात्रा मात्र निराळी. ऊर नगर सोडायचे, गणगोत सोडायचे आणि देव दाखवील त्या देशी जायचे. ही वाट नकाशावर न शोधता माणसाच्या आत शोधावी, आणि शेजारी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र ठेवावे.

टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. कवी माणूस, पाय एका जागी न ठरणारा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. रोज थोडे वाचीन, असे त्यांनी कबूल केले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक मिटवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अब्राहामाबरोबर सारा निघाली होती. लक्ष्मीबाई निघाल्या नाहीत. पदरी लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून संसार मोडलेला, घरात आकांत. श्रद्धेच्या प्रवासाचे आपण कौतुक करतो, पण त्याचे भाडे पुष्कळदा घरच्या बाईने भरलेले असते! साडेचार वर्षांनी त्या पतीकडे आल्या, त्याही सोवळे सांभाळून. जातीची गाठ त्यांनी स्वतःच विचार करून सोडली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळक तसे तापट, पण इथे त्यांनी जबरदस्ती केली नाही. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहेच.

कनानात पोचूनही अब्राहाम तंबूतच राहिला. मालकीची म्हणावी तर साराच्या दफनासाठी विकत घेतलेली जमीन आणि गुहा. टिळकांनाही नव्या घरी स्वस्थता लाभली नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. चर्चचे साहेबी वळण त्यांना रुचेना. म्हणून त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. १९१७ मध्ये, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनही सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे लिहायला घेतले लक्ष्मीबाईंनी.