लेखणीवर पोट भरणारे अण्णाभाऊ



२ ऑगस्टला आपण मुक्तिदिन साजरा करतो. १९५४ साली याच दिवशी आपली दादरा नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटली. आदल्या दिवशी, १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांच्या तसबिरीला हार घालतो. टिळक ज्या दिवशी गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. तेच पुढे अण्णाभाऊ साठे या नावाने प्रसिद्ध झाले. वाटेगाव हे आजच्या सांगली जिल्ह्यातील गाव.

यंदा त्यांच्याविषयी लिहिण्यास एक कारण घडले. नववीच्या एका मुलाने निबंधात लिहिले की त्याला लेखक व्हायचे आहे. त्याचे वडील काळजीने आमच्याकडे आले. लिहून घर कसे चालणार, असे त्यांनी विचारले. आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आम्हाला आधी प्रेमचंद आठवले. त्यांनी १९२१ साली सरकारी नोकरी सोडली, छापखाना काढला आणि कर्जात सापडले. पण ते निदान शिकलेले होते, नोकरी करून आलेले होते. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाचीच, असे सांगतात. मांग समाजात जन्म, घरी दारिद्र्य. १९३१ च्या सुमारास हे कुटुंब वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. मुंबईत अण्णाभाऊंनी हमाली केली, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहून अक्षरे जुळवीत ते वाचायला शिकले. आपल्याकडे पाठ्यपुस्तक दोन दिवस उशिरा आले तरी तक्रार होते, हे जाता जाता नमूद करतो!

१९४४ साली शाहीर अमर शेख व गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांचे पोवाडे आणि लोकनाट्ये कामगारवस्त्यांत गाजली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही त्यांची लावणी लोकांच्या तोंडी होती. लोकांनी डोक्यावर घेतले, पण त्याने घरची चूल रोज पेटत नसे.

मग कथा-कादंबऱ्या लिहिणे हाच व्यवसाय झाला. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतील खोलीत बसून त्यांनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. पुस्तक संपेल तेव्हा पैसे. त्या काळी प्रकाशक लेखकाला एकरकमी पैसे देऊन पुस्तकाचे हक्क घेत. मग पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या निघोत, लेखकाच्या हाती काही येत नसे. अण्णाभाऊंनीही गरजेपोटी मिळेल त्या रकमेला हस्तलिखिते दिली. आमच्या मते त्यांच्या गरिबीचे मोठे कारण हेच. वाचक भरपूर होते, हिशेब लेखकाच्या बाजूचा नव्हता. त्या वडिलांना आम्ही नंतर हेच सांगितले की मुलाला लिहू द्या, मात्र करारनामा वाचायलाही शिकवा.

१९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले व त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. एवढे सर्व होऊनही शेवटची वर्षे हलाखीची गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले.

२००२ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

शाळेच्या ग्रंथालयात ‘फकिरा’ची एकच प्रत आहे. सध्या ती त्या नववीच्या मुलाकडे आहे. इतरांनी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावे.