बाबासाहेबांची नऊ वर्षांची केस आणि पेण-रोह्यातला मोफत वकील

महाडचा सत्याग्रह आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण त्यानंतर चवदार तळ्यासाठी नऊ वर्षांहून जास्त काळ कोर्टात केस चालली, हे फारसं कुणी सांगत नाही.

भीमराव आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. परळच्या ऑफिसात त्यांच्याकडे गरीब पक्षकार यायचे. अनेकांकडून ते फी घेत नसत.

मार्च १९२७ मध्ये ते चवदार तळ्याचं पाणी प्यायले. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं, म्हणजे आजच्या रायगडमध्ये. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेवढ्यात तळं खाजगी असल्याचा दावा १२ डिसेंबरला कोर्टात दाखल झाला. दोन दिवसांत मनाई हुकूम आला आणि सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. महाड, ठाणे आणि मग मुंबई असा प्रवास करत केस १७ मार्च १९३७ ला बाबासाहेबांच्या बाजूने निकाली निघाली.

ते स्वतः बॅरिस्टर होते म्हणून टिकले. ज्याची रोजची मजुरी बुडते, तो नऊ वर्षं तारखा कशा करणार?

याच जिल्ह्यातली कुळं खोतांच्या जाचाखाली होती. खोताकडे कागद आणि वकील, कुळाकडे फक्त अंगठा. १९३० मध्ये पेणला शेतकरी परिषद झाली, १९३३ मध्ये चरीचा संप सुरू झाला. १९३४ मध्ये बाबासाहेब चरीला गेले. १९३७ मध्ये त्यांनी विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती संपवणारा कायदा मात्र १९४९ मध्ये आला.

संविधानाच्या कलम २२ ने अटक झालेल्या माणसाला वकिलाचा हक्क दिला. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. गरिबाला मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं सांगणारं कलम ३९-अ १९७६ मध्ये आलं. त्यासाठीचा १९८७ चा कायदा १९९५ मध्ये लागू झाला.

या मदतीचा पैसा कापला तर काय होतं? ज्या देशात बाबासाहेब बॅरिस्टर झाले, तिथेच बघा. इंग्लंडमध्ये २०१३ पासून घटस्फोट, कर्ज, सरकारी भत्ते अशा बहुतेक प्रकरणांतली सरकारी मदत बंद झाली. फॅमिली कोर्टात वकिलाशिवाय उभे राहणारे वाढले.

आपल्याकडे हा हक्क अजून शाबूत आहे. पेण किंवा रोह्याच्या वाडीवरचा कातकरी असो, कुठलीही महिला असो किंवा कोठडीतला आरोपी, उत्पन्न न बघता त्यांना मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा. हा नंबर कुणाला तरी नक्की पाठवा.