मुलांकडे चालत गेलेली शाळा

मूल शाळेत रमत नसेल, तर बदलायचे कोणी, मुलाने की शाळेने? ताराबाई मोडक यांनी शाळाच बदलली. स्वमग्नता, अतिचंचलता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या उपचारात आज हाच विचार पुढे येत आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद मिळाले, पण १९२३ मध्ये ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात उतरल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

या कामाचा पाया माँटेसरी पद्धतीचा होता, आणि त्या पद्धतीचे मूळ वैद्यकात आहे. मारिया माँटेसरी या रोमच्या डॉक्टर. मतिमंद म्हणून बाजूला काढलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांना दिसले, की हाताळायला योग्य वस्तू आणि स्वतःच्या गतीने शिकण्याची मुभा मिळाली तर ही मुलेही शिकतात. मग तीच रीत त्यांनी इतर मुलांसाठी वापरली.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले तिथे फिरकेनात. ताराबाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत. बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मोठ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. महागड्या साधनांऐवजी खडे, शंख-शिंपले, पाने आणि बिया आल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

स्वमग्नतेवरील उपचार हे ताराबाईंचे क्षेत्र नव्हते. मेंदूंच्या विविधतेची संकल्पनाही त्यांच्या मृत्यूनंतर, १९९०च्या दशकात रूढ झाली. पण दिशा एकच आहे. पूर्वी उपचारात मुलाला डोळ्यांत बघायला लावणे, हात हलवणे बंद करायला लावणे यावर भर असे. अशाने मूल वरवर शांत दिसते, आतून मात्र थकते. आता आधी कारण शोधतात. घंटेच्या आवाजाने मूल कान झाकत असेल, तर त्याला घंटेपासून लांब बसवता येते. बोलता येत नसेल, तर चित्रे दाखवून मागता येते. सतत उठणाऱ्या मुलाला मधूनमधून फिरू देता येते.

याचा अर्थ उपचार नकोत असा नाही. फिट्स, झोप न लागणे, स्वतःला इजा करणे यांवर डॉक्टरांकडे जायलाच हवे. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर श्रवण आणि विकासाची तपासणी लांबणीवर टाकू नये.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. बोर्डी-कोसबाड ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागात जव्हार-मोखाडा आणि साखरशेत आहेत. अशा गावांतून मोठ्या रुग्णालयातला थेरपिस्ट लांब पडतो. वेगळ्या वागणाऱ्या मुलाकडे आईनंतर सर्वात आधी लक्ष जाते ते अंगणवाडी सेविकेचे. तिने मुलाला हट्टी न ठरवता त्याला कशाचा त्रास होतो हे टिपून ठेवले आणि तपासणीला पाठवले, तर उपचाराची सुरुवात गावातच होते.