अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

मित्रमैत्रिणींनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या आईबाबांनो, आजीआजोबांनो,

मी सातवीत शिकते. आज मी ताराबाई मोडक यांची माहिती सांगणार आहे. पण त्याआधी आमच्या घरातलं भांडण सांगते. ते भांडण झालं नसतं तर मी ताराबाईंविषयी वाचलंच नसतं.

माझी धाकटी बहीण पहिलीत आहे. तिला आम्ही छकुली म्हणतो. आता पहिलीचं शिकवणं बदललं आहे. आधी चित्रं, गाणी, गोष्टी आणि गप्पा. मग अक्षरं येतात, पण ती अ आ इ ई या क्रमानं नाहीत. आधी म, क, र अशी थोडीच अक्षरं आणि काना, की लगेच त्यांचे शब्द. दिवाळीच्या सुट्टीत आजीनं छकुलीला क ख ग म्हणायला लावलं. छकुली क म्हणाली आणि पुढं म म्हणाली. आजी खूप रागावली. शाळेत नुसती गाणी म्हणतात, खडे मोजतात, मातीचे गोळे करतात, पोरीचं वर्ष वाया चाललं, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले, जूनपासून हिला तालुक्याच्या शाळेत घालू, गाडीनं जाईल-येईल. आई गप्प बसली.

आणि मी काय केलं? मी त्या रात्री छकुलीला पाटी देऊन बसवलं, बाराखडी गिरवायला लावली आणि चुकली म्हणून तिच्या हातावर फूटपट्टी मारली. दुसऱ्या दिवशी तिनं दप्तराला हातसुद्धा लावला नाही. मला फार वाईट वाटलं. सुट्टी संपल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी पुस्तकांच्या पेटीतून ताराबाईंवरचं पुस्तक काढून दिलं आणि आधी हे वाच म्हणाले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे होते. त्यांच्या घरात मुलींना शिकवीत. त्या काळी किती मुली कॉलेजात जात असतील ते तुम्हीच ओळखा. ताराबाई मात्र १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्या अमरावतीला गेल्या. त्यांचे यजमान वकील होते. पण संसार सुखाचा झाला नाही. काही वर्षांनी त्या लहान मुलीला घेऊन वेगळ्या राहू लागल्या. शंभर वर्षांपूर्वी बाईनं असं एकटीनं राहणं सोपं नव्हतं. पण त्या रडत बसल्या नाहीत. राजकोटला मुलींचं ट्रेनिंग कॉलेज होतं, तिथं त्या प्रिन्सिपॉल झाल्या. म्हणजे शिक्षिका तयार करण्याचं काम त्यांच्याकडे तेव्हापासूनच आलं.

आपल्या लहान मुलीला कुठं आणि कसं शिकवावं, हा प्रश्न त्यांना पडला होता. जवळच भावनगरला गिजुभाई बधेका यांचं बालमंदिर होतं. गिजुभाईसुद्धा आधी वकील होते. वकिली सोडून ते मुलांत रमले. त्यांच्या मोठ्या मिशा होत्या आणि माया आईसारखी, म्हणून गुजरातीत त्यांना मिशीवाली आई म्हणत. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. ताराबाई १९२३ साली तिथं गेल्या आणि कायमच्या त्या कामाच्या झाल्या.

गिजुभाईंनी ही पद्धत मारिया मॉन्टेसरी या इटलीच्या डॉक्टरीण बाईंकडून घेतली होती. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. त्या खरबरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवीत. मूल त्यावरून बोट फिरवी आणि तोंडानं आवाज काढी. डोळा, बोट आणि कान तिन्ही एकदम शिकत. मग हातात पेन्सिल दिली की हाताला वळण आधीच माहीत असे. म्हणजे खेळ दिसला तरी तो अभ्यासच होता.

पण आपल्या देशात अडचण होती. नवी पद्धत आली, ती शिकवायची कोणी? गुरुजी आणि बाई जुन्या पद्धतीत वाढलेल्या. आणि पालकांना ती पटायची कशी? त्यांनी शाळा म्हणजे पाटी, पाढे आणि छडी एवढंच पाहिलेलं. गिजुभाई आणि ताराबाईंनी यावर दोन उपाय केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला आणि शिक्षकांना तयार करण्याचे वर्ग चालवले. दुसरं म्हणजे शिक्षणपत्रिका नावाचं मासिक काढलं. ते आधी गुजरातीत होतं, मग १९३३ पासून ताराबाई ते मराठीत काढू लागल्या. ते शिक्षकांसाठी होतं तसंच आईबापांसाठीही होतं. मूल का हट्ट करतं, त्याला का मारू नये, घरी त्याच्याशी कसं वागावं, हे त्यात साध्या भाषेत असे. शाळेत एक आणि घरी दुसरंच चाललं तर मुलाची ओढाताण होते. हे वाचताना मला माझी फूटपट्टी आठवली.

१९३६ साली ताराबाई मुंबईला आल्या. दादरला त्यांनी शिशुविहार चालवलं. तिथं नाव झालं, मान मिळाला. दुसरं कोणी असतं तर तिथंच थांबलं असतं. पण शहरातली मुलं शिकतात, खेड्यातल्या मुलांचं काय, हा विचार त्यांना बसू देईना. शेवटी १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे.

तिथं त्यांना अनुताई वाघ भेटल्या, म्हणजे त्यांच्याबरोबर आल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आलं. पुढं त्या शिकून शिक्षिका झाल्या होत्या. या दोघी गुरू-शिष्या शेवटपर्यंत एकत्र राहिल्या.

शहरातलं मॉन्टेसरी साहित्य महाग. खेड्यात ते कुठून आणायचं? मग बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शंखशिंपले गोळा केले. बिया, पानं, खडे, काड्या, माती जमा केली. शिंपले मोजून गणित, बिया निवडून लहानमोठं, मातीत बोटानं अक्षर. पैसा नाही म्हणून त्यांनी पद्धत सोडली नाही, पद्धतीला गावचे कपडे घातले. कोणत्याही खेड्यातल्या बाईला ते जमण्यासारखं होतं.

तरीसुद्धा सगळी मुलं येईनात. गरीब वस्तीतली, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं बालवाडीत येत नव्हती. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेऊ, असं ठरवलं. त्या वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली. अंगणात भरते ती अंगणवाडी! आपण हा शब्द रोज वापरतो. आपल्या गावातही अंगणवाडी आहे. तिच्या मागं ही हकिकत आहे हे मला माहीत नव्हतं. अंगणात शाळा भरल्यानं आणखी एक झालं. आया कामं करता करता उंबऱ्यातून बघू लागल्या. आपलं पोर काय करतं ते त्यांना दिसू लागलं.

१९५७ साली, वय वर्षे ६५ असताना, ताराबाई डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथं वारली आदिवासींचे पाडे आहेत. तिथली मुलं शाळेत का येत नव्हती? काही गुरं राखायला जात, काही घरी धाकट्या भावंडांना सांभाळीत. मोठी बहीण शाळेत गेली तर तान्ह्याला कोण बघणार? मग शाळेशेजारीच पाळणाघर काढलं. बहिणीनं बाळाला कडेवर घेऊन यावं, पाळणाघरात ठेवावं आणि शेजारी शिकावं. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. गुरं चरतात तिथंच शिक्षक जात आणि झाडाखाली शिकवीत. अभ्यासक्रम बदलायचा म्हणजे नुसतं पुस्तक बदलायचं नाही, घरची अडचण पण बघायची, हे मला यातून कळलं.

१९६२ साली भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण हा मान दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, ८१ व्या वर्षी त्या वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाड्या देशभर निघू लागल्या. ते बघायला ताराबाई नव्हत्या. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढं चालवलं. त्या १९९२ साली गेल्या.

पुस्तक वाचून झाल्यावर मी आधी छकुलीची माफी मागितली. मग रोज संध्याकाळी ते पुस्तक स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायला लागले. आजी भाकरी थापता थापता ऐकायची. अंगणवाडीची गोष्ट आली तेव्हा ती जरा थांबली. मग तिनंच सांगितलं की तिला सगळी बाराखडी तोंडपाठ आहे. भाऊ शाळेतून येऊन म्हणायचे, ती ऐकून पाठ झाली. पण एसटीवरची पाटी मात्र तिला आजवर वाचता आली नाही. हे तिनं हसत सांगितलं, पण आम्ही कोणी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं अंगणात सडा घातला आणि रांगोळीनं मोठा म काढायला मला सांगितलं. छकुलीनं त्यावरून बोट फिरवलं. आजीनंही फिरवलं. आता रोज एक अक्षर असतं. चिंचोके मांडून दोघी शब्द करतात. कधी छकुलीचं बरोबर येतं, कधी आजीचं. बाबांनी मात्र जूनचं अजून काही ठरवलेलं नाही. आधी गुरुजींना भेटतो, असं ते म्हणाले, आणि आज ते पालकसभेला आले आहेत.

पालकांनो, माझी एक विनंती आहे. मुलांच्या पुस्तकातलं काही वेगळं वाटलं तर रागावण्याआधी वर्गात येऊन एकदा बसा. गुरुजींना आणि बाईंना विचारा. त्यांनाही नवीन पद्धत शिकावीच लागते.

अशा या थोर ताराबाईंना माझे विनम्र अभिवादन!

ता. क. खालची ओळ मी छकुलीला आलेल्या अक्षरांत मुद्दाम मोठी लिहिली आहे. ती आणि आजी दोघी मिळून वाचणार आहेत. कृपया त्यांना पुढून जरा जागा द्यावी.

मामा आला. काका आला. राम, काम कर!